दोन किल्ल्यांचे कुलूप

आमवाताने अक्काची बोटे वाकली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "यांची प्रतिकारशक्ती यांच्यावरच उलटली आहे." मी विज्ञानाचा पदवीधर नाही. पण त्या एका वाक्याने मला पन्नाशीत पुस्तके उघडायला लावली. शरीराचा रखवालदार घरच्यांवर का धावून जातो, हे मला समजून घ्यायचे होते.

बँकेचा लॉकर आठवा. एक किल्ली आपली, त्याच लॉकरपुरती. दुसरी बँकेची, सगळ्या लॉकरना चालणारी. दोन्ही फिरल्याशिवाय दार उघडत नाही. आपल्या रक्तातील टी-पेशींचेही तसेच आहे. प्रत्येक टी-पेशीचा मुख्य ग्राही ठरावीक प्रथिनाचा तुकडाच ओळखतो. ही पहिली किल्ली. दुसरी किल्ली सीडी२८ या ग्राहीत फिरते. तो बहुतेक टी-पेशींवर सारखाच असतो. जंतूची चाहूल लागलेल्या पहारेकरी पेशी बी७ नावाचे रेणू पुढे करतात, ते त्याला जुळतात. नुसती पहिली किल्ली फिरली, तर टी-पेशी जागी होण्याऐवजी बधिर होऊ शकते, हे मार्क जेंकिन्स आणि रोनाल्ड श्वार्ट्झ यांनी १९८७ साली दाखवले. स्वतःच्या शरीरावर हल्ला होऊ नये म्हणूनच ही खबरदारी.

ती मोडली तर काय होते, हे १३ मार्च २००६ रोजी लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारात दिसले. टीजीएन१४१२ हे नवे औषध सीडी२८ला असे धरत असे, की पहिल्या किल्लीची गरजच उरत नसे. बँकेच्या एकाच किल्लीने सगळे लॉकर उघडावेत, तसे. माकडांना निर्धोक ठरलेल्या मात्रेच्या पाचशेव्या हिश्शाने सहा निरोगी तरुणांचे अवयव निकामी होऊ लागले. सहाही जण वाचले; एकाला पायाची बोटे गमवावी लागली. पुढे कळले, की त्या माकडांच्या लढाई अनुभवलेल्या एका जातीच्या टी-पेशींवर सीडी२८ नसतेच, माणसाच्या असते.

गंमत अशी, की हे औषध आमवातासाठीही योजले होते. त्याच आजारावर अबाटासेप्ट मात्र उपयोगी पडले. ते बी७ला झाकते, म्हणजे दुसरी किल्लीच अडवून धरते.

अक्काचे साध्या गोळ्यांवर भागते आहे. परवा तिला हे सारे सांगितले. वाकल्या बोटांनी चकलीचा सोऱ्या फिरवत ती म्हणाली, "म्हणजे माझ्या कुलपाच्या दोन्ही किल्ल्या कुणी चुकून फिरवल्या म्हण की!"


इतके नेमके मला लिहिता आले नसते.