किल्ला (चित्रपट)

पितृवियोगाने एकाकी झालेल्या मुलाच्या मनोव्यापारांचे चित्रण करणारा मराठी चित्रपट. दिग्दर्शन व छायालेखन अविनाश अरुण यांचे. २०१४ च्या बर्लिन आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात बालपरीक्षकांनी त्यास ‘क्रिस्टल बेअर’ हा पुरस्कार दिला. त्याच वर्षीच्या सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यास लाभला. जून २०१५ मध्ये तो चित्रपटगृहांतून प्रदर्शित झाला.

अकरा वर्षांच्या चिन्मयचे (अर्चित देवधर) वडील कथेच्या आरंभापूर्वीच वारलेले आहेत. आईची (अमृता सुभाष) शासकीय नोकरीत बदली होते व दोघे पुण्याहून कोकणातील समुद्रकाठच्या लहान गावी येतात. नवी शाळा आणि बंड्या (पार्थ भालेराव) व त्याचे सोबती यांच्यात चिन्मय रुळू लागतो, तोच सायकलींच्या शर्यतीनंतर भर पावसात सोबती त्याला किल्ल्यात एकटा टाकून निघून जातात. या प्रसंगात त्याचे दडपलेले दुःख उफाळून येते. मृत्यूविषयी मायलेकांत फारसे बोलणे होत नाही. आईही शोकाकुल आहे, हे मुलाच्या ध्यानी सावकाश येते, आणि चित्रपटाचे खरे कथानक हेच होय.

राष्ट्रीय आपत्तीत आईवडील गमावलेल्या बालकांवर पाश्चात्त्य चित्रपटसृष्टीत प्रसिद्ध कृती आहेत. रने क्लेमां यांच्या फॉरबिडन गेम्स (१९५२) या फ्रेंच चित्रपटात १९४० च्या जर्मन हवाई हल्ल्यात पोरकी झालेली पोलेत मृत प्राण्यांसाठी दफनभूमी रचते. स्टीव्हन डॉल्ड्री यांच्या एक्स्ट्रीमली लाउड अँड इन्क्रेडिबली क्लोज (२०११) मध्ये ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात वडील गमावलेला ऑस्कर एका किल्लीचे कुलूप न्यूयॉर्कभर शोधत फिरतो. काश्मीरमधील अशांततेच्या पार्श्वभूमीवरील हमीद (२०१८) या एजाज खान यांच्या चित्रपटातील मुलगा बेपत्ता वडिलांसाठी ७८६ या आकड्यावरून ईश्वराला दूरध्वनी करू पाहतो. या मुलांचे दुःख सार्वजनिक दुःखाचा भाग असते. समाज ते ओळखतो, मात्र त्या गदारोळात मूल अनेकदा हरवते. चिन्मयच्या वाट्याला असा सामूहिक शोक येत नाही. गावाच्या दृष्टीने तो केवळ बदलीवर आलेल्या बाईंचा मुलगा असतो. तरीही शोकाला एखादी वस्तू वा जागा लागते, हे सर्वत्र सारखेच दिसते. येथे ते काम किल्ला करतो.

पाऊस, समुद्र व ओल्या तटांची दृश्ये हे चित्रपटाचे बलस्थान. कार्यालयीन गैरव्यवहाराचे उपकथानक मात्र त्या मानाने फिके वाटते. अखेरीस आईची पुन्हा बदली होते आणि मुलाला जमलेली मैत्री मागे सोडावी लागते.