परिक्रमा : पायी पाहिलेला नर्मदाकाठ

मध्य प्रदेशातील अमरकंटक येथे उगम पावून भडोचजवळ खंबातच्या आखातास मिळणारी नर्मदा १,३१२ किलोमीटर लांब आहे. या नदीला उजव्या हाताशी ठेवून, तिचा प्रवाह कोठेही न ओलांडता, दोन्ही तीरांनी पायी एक संपूर्ण फेरी घालणे म्हणजे नर्मदा परिक्रमा. ही वाट सुमारे २,६०० किलोमीटरची भरते. भारतात तीर्थयात्रांची वाण नाही. परंतु बहुतेक यात्रांमध्ये एखादे देवस्थान हे गंतव्य असते आणि वाट हे तेथवर पोहोचण्याचे साधन असते. परिक्रमेत वाट हेच गंतव्य. जेथून निघावयाचे तेथेच परत यावयाचे असल्यामुळे लवकर पोहोचण्यात काहीच अर्थ उरत नाही.

परंपरेने या परिक्रमेचा काळ ३ वर्षे, ३ महिने आणि १३ दिवस सांगितला आहे. पावसाळ्याचे चार महिने एका ठिकाणी मुक्काम करावयाचा आणि कार्तिकातील प्रबोधिनी एकादशीनंतर पुन्हा चालू लागावयाचे, असा क्रम आहे. चातुर्मास वगळून हिशेब केला, तर रोजची सरासरी चाल जेमतेम तीन किलोमीटर पडते. एवढ्या संथ गतीने जाणाऱ्या माणसास गावात थांबणे, बोलणे, आजारपण काढणे, एखाद्याच्या शेतातील सुगी पाहणे यांपासून सुटका नसते. आज पायी जाणारे बहुसंख्य परिक्रमावासी चार ते सहा महिन्यांत फेरी पुरी करतात. मोटारीने तीच फेरी दोन-तीन आठवड्यांत होते. प्रत्येकाच्या सवडीचा व शक्तीचा प्रश्न निराळा असतो, त्यामुळे यांपैकी कोणत्याही प्रकारास नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र तिन्ही प्रकारांत प्रवाशाच्या पदरी पडणारा देश एकच नसतो, हे मान्य करावयास हवे.

नियमांमागील व्यवहार

परिक्रमेचे नियम धार्मिक भाषेत सांगितले जातात. तथापि त्यांचा व्यावहारिक परिणाम पाहण्यासारखा आहे. प्रवाह ओलांडावयाचा नाही, या एका नियमामुळे प्रवाशास जवळची वाट उरतच नाही. ओंकारेश्वराचे ज्योतिर्लिंग नदीतील मांधाता बेटावर आहे. दक्षिण तीरावरून परिक्रमा उचललेला यात्रेकरू समोर दिसणाऱ्या त्या मंदिरात फेरी पूर्ण होईपर्यंत जात नाही, अलीकडील ममलेश्वराचे दर्शन घेऊन पुढे निघतो. निघताना एका लहान शिशीत नर्मदेचे पाणी घेतले जाते आणि ते अखेरपर्यंत जवळ बाळगले जाते. पैशांचा व सामानाचा संग्रह करू नये, असाही दंडक आहे. संग्रह नाही म्हणजे परावलंबन आले. आणि परावलंबन आले म्हणजे गावाशी संबंध आला.

या संबंधाला नर्मदाकाठी 'सदावर्त' हे नाव आहे. आश्रमात शिजलेले अन्न मिळते, तर कित्येक गावांत पीठ, डाळ, तांदूळ, मीठ असा शिधा दिला जातो आणि प्रवासी आपल्या हाताने टिक्कड किंवा खिचडी करून घेतो. 'नर्मदे हर' एवढ्या दोन शब्दांवर अनोळखी माणसास ओसरी मिळते. यामागे ना एखादी योजना आहे, ना लेखाशीर्ष. किनाऱ्यावरील शेतकरी, दुकानदार, कोळी आणि कित्येकदा स्वतःच्या घरात पुरेसे धान्य नसलेली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या हा भार उचलीत आली आहेत. परिक्रमावासी आपल्याजवळच्या वहीवर ठिकठिकाणच्या आश्रमांचे व ग्रामपंचायतींचे शिक्के घेतात. एखाद्या लहानशा पंचायतीचा शिक्का शेकडो कोसांवरच्या माणसाच्या घरी जपून ठेवला जावा, ही गोष्ट पंचायतीच्या कारभाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

ताटातून दिसणारा प्रदेश

शाळेच्या नकाशात नर्मदेचे खोरे एकाच रंगाचा पट्टा असतो. पायी जाणाऱ्यास ते दर आठ-दहा दिवसांनी बदलताना दिसते, आणि हा बदल प्रथम ताटात उतरतो. अमरकंटक, दिंडोरी, मंडला या गोंड व बैगा वस्तीच्या डोंगराळ भागात कोदो-कुटकी ही भरड धान्ये पिकतात. जबलपूरच्या खाली, भेडाघाटचे संगमरवरी कडे ओलांडल्यावर, नदी काळ्या मातीच्या सखल प्रदेशात शिरते. येथे गहू आहे आणि कानी बुंदेली वळणाची हिंदी पडते. पूर्वीचे होशंगाबाद, म्हणजे २०२२ पासूनचे नर्मदापुरम, याच पट्ट्यात आहे. त्याच्या परिसरातील हथनोरा येथे १९८२ साली अरुण सोनकिया यांना आदिमानवाच्या कवटीचा जीवाश्म सापडला. माणूस या काठाने किती काळापासून वावरत आहे याची ती खूण होय.

हंडिया व नेमावर ही समोरासमोरची गावे नर्मदेचे नाभिस्थान, म्हणजे मध्य, मानली जातात. पुढे निमाड लागतो. ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी पानात आली, की खानदेशच्या माणसास आपण घराजवळ आल्यासारखे वाटावे. निमाडी बोलीचे काही शब्दही त्याला परके वाटत नाहीत. या टप्प्यात महाराष्ट्राच्या इतिहासाच्या खुणाही जागोजागी भेटतात. रावेरखेडी येथे २८ एप्रिल १७४० रोजी पहिल्या बाजीराव पेशव्यांचे निधन झाले. त्यांची समाधी तेथे आहे. महेश्वर ही अहिल्यादेवी होळकरांची राजधानी. तेथील घाट आणि तेथील मागांवर विणली जाणारी साडी, दोन्ही आजही नांदती आहेत. निमाडानंतर सातपुडा व विंध्य एकमेकांच्या जवळ येतात, शेते उतारावर चढतात आणि मक्याच्या पिठाचे, पानांत भाजलेले पानिये जेवणात येतात. त्यापुढे गुजरातचे मैदान, केळी आणि कापूस, आणि अखेर खाऱ्या पाण्याचा वास. समुद्रमुखाशी दक्षिण तीरावरून उत्तर तीरावरील मिठी तलाई येथे नावेने जावे लागते. नाव भरतीच्या वेळेवर सुटते, यात्रेकरूच्या वेळेवर नव्हे.

महाराष्ट्राचा काठ

नर्मदा महाराष्ट्राच्या आत शिरत नाही. ती सीमेवरून वाहते. प्रथम ३५ किलोमीटर मध्य प्रदेशाशी व नंतर ३९ किलोमीटर गुजरातशी ती आपल्या राज्याची हद्द आखते. हा सारा भाग नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी व अक्कलकुवा या तालुक्यांत मोडतो. परिक्रमेच्या जुन्या वर्णनांत सर्वांत धास्तीने उल्लेखिलेली शूलपाणीची झाडी ती हीच. येथील आदिवासी यात्रेकरूंचे कपडे व भांडी काढून घेत आणि यात्रेकरूही त्यास परिक्रमेचा एक भाग समजून ते देऊन टाकीत. लुटणाऱ्यास 'मामा' म्हणण्याची रीत होती. या गोष्टी शहरात चवीने सांगितल्या जातात. पण ज्या डोंगरात अंगभर वस्त्र दुर्मीळ होते, त्या डोंगरातून धान्य आणि कांबळे घेऊन जाणारा परका माणूस कसा दिसत असेल, याचा विचार त्यांत क्वचितच आढळतो. हा प्रकार आता मागे पडला आहे, आणि याच झाडीतील पाड्यांवर आज यात्रेकरूंना भाकरी मिळते.

झाडी मात्र पूर्वीची राहिलेली नाही. १९७९ च्या नर्मदा जलविवाद लवादाच्या निवाड्यानंतर उभे राहिलेले सरदार सरोवर धरण १३८.६८ मीटर उंचीपर्यंत पूर्ण होऊन २०१७ मध्ये राष्ट्रास अर्पण करण्यात आले. मणिबेलीसह महाराष्ट्रातील अनेक गावांची शेते व घरे त्यापूर्वीच पाण्याखाली जाऊ लागली होती. शूलपाणेश्वराचे जुने मंदिर बुडाले. नवे मंदिर उंचावर बांधण्यात आले. काठची पाऊलवाटही गेली. त्यामुळे दक्षिण तीराने जाणारे बहुतेक यात्रेकरू आता बडवाणीनंतर नदी सोडून खेतिया, शहादा, प्रकाशा, खापर या सडकेने जातात. परिक्रमा नर्मदेची, आणि वाटेत भेटते तापी! वरच्या अंगासही हीच स्थिती आहे. जबलपूरचे चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड यांनी १९७७ मध्ये आपली पहिली पदयात्रा जबलपूर ते मंडला अशी केली. त्या वाटेचा मोठा भाग आज बरगी जलाशयात आहे. हरसूद हे गाव २००४ मध्ये इंदिरा सागराच्या पाण्यासाठी रिकामे करण्यात आले. धरणांनी सिंचन, वीज व पिण्याचे पाणी दिले, हे खरे. वाट व वाटेवरचे गाव गेले, हेही तितकेच खरे आहे. वेगडांची रेखाटने व प्रवासवर्णने आता कित्येक घाटांचा एकमेव तपशीलवार पुरावा ठरू लागली आहेत.

वाढती वर्दळ

मराठी वाचकांस ही वाट नवी नाही. गो. नी. दांडेकरांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा'ने ती एका पिढीस, तर जगन्नाथ कुंटे यांच्या 'नर्मदे हर हर'ने पुढच्या पिढीस परिचित करून दिली. आज वाटेवर मराठी बोलणे सर्रास ऐकू येते. नाशिकच्या भारती ठाकूर यांच्यासारखे काहीजण परिक्रमेनंतर परतून निमाडातच राहिले. त्यांनी लेपा परिसरातील मुलांसाठी शिक्षणाचे काम उभे केले. परंतु असे ऋण फेडणारे थोडे.

गर्दीचा ताण मात्र सर्वांच्या वाट्यास येतो. वीस घरांच्या पाड्यावर दिवसाला चार यात्रेकरू आले, तर सदावर्त निभावते; चाळीस आले तर निभावत नाही. विहिरीचे पाणी, शौचास जाण्याची जागा, नदीत सोडलेले कपडे व दिवे, प्लॅस्टिकची पाकिटे हे सारे प्रश्न गावावर येऊन पडतात, आणि यात्रेकरू दुसऱ्या दिवशी पुढे गेलेला असतो. नंदुरबारच्या सडकेवरील व डोंगरातील ग्रामपंचायतींना येथे थोड्या खर्चात बरेच करता येईल : मुक्कामाच्या शाळेत किंवा समाजमंदिरात पाण्याची टाकी व शौचालय, वाटेचे अंतर दाखविणारे फलक, आणि शिक्का मारताना नाव-गाव नोंदविणारी एक वही. अशी वही तीन-चार हंगाम नीट ठेवली गेली, तर किती माणसे येतात, कोणत्या महिन्यात येतात व गावास त्यांच्यापायी किती शिधा लागतो, याचा आकडा पंचायतीच्या हाती राहील, आणि पुढील मागणी त्या आकड्यावर करता येईल. शाळा त्याच वाटेवर असल्याने शिक्षकांनाही एक संधी आहे. मुक्कामाला आलेल्या बुंदेली, गुजराती वा कानडी माणसास वर्गात बसवून त्याच्या गावी नदीस, भाकरीस, पावसास काय म्हणतात हे मुलांनी विचारावे, आणि पावरीत त्याला काय म्हणतात ते त्याला सांगावे.