कागद, पेन्सिल आणि संगणकाची परीक्षा

गेल्या पावसाळ्यांत शाळा सुटल्यावर एक पालक आम्हांस भेटावयास आले. त्यांचा मुलगा नववींत आहे. हुशार आहे, आणि गणितांत त्याचें मन विशेष रमतें. संगणकशास्त्राच्या स्पर्धापरीक्षेस बसावयाचें असें त्यानें घरीं सांगितलें होतें. छत्री कोपऱ्यांत टेकवून त्या गृहस्थांनीं सरळच प्रश्न केला, "सर, पतपेढींतून कर्ज काढून नवा संगणक घ्यावा, कीं तीच रक्कम शिकवणीच्या वर्गांत भरावी? दोन्ही कांहीं आम्हांला झेपायचें नाहीं." आम्हीं त्यांस बसावयास सांगून म्हटलें, "तूर्त दोन्ही करूं नका. दोनशें पानांची एक वही आणि पेन्सिल घेऊन द्या." मास्तर थट्टा करीत आहेत असें त्यांस वाटलें. ती थट्टा नव्हती. असें उत्तर आम्हीं कां दिलें, हें इतर विद्यार्थ्यांस व पालकांसही उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें सविस्तर लिहीत आहों.

ही परीक्षा कोणती?

शाळेंतील मुलांसाठीं संगणकशास्त्राची जी जगांतील प्रमुख स्पर्धा आहे, तीस इंटरनॅशनल ऑलिंपियाड इन इन्फर्मेटिक्स असें म्हणतात. ती प्रथम १९८९ सालीं बल्गेरिया देशांतील प्रावेत्स या गांवीं भरली. भारताचा संघ तींत २००२ सालापासून जाऊं लागला. प्रत्येक देशाच्या संघांत फार तर चार मुलें असतात. स्पर्धा दोन दिवसांची. दर दिवशीं पांच तासांत तीन प्रश्न सोडवावयाचे, असें तिचें अलीकडील स्वरूप आहे.

आपल्या देशांतील चौघांची निवड करण्याचें काम इंडियन असोसिएशन फॉर रिसर्च इन कॉम्प्युटिंग सायन्स ही संस्था करीत आली आहे. प्रथम प्रादेशिक परीक्षा, नंतर राष्ट्रीय परीक्षा, आणि शेवटीं निवडक मुलांचें शिबिर, अशा पायऱ्यांनीं ही निवड होत आली. तपशील सालोसाल बदलतो. म्हणून त्या त्या वर्षाची सूचना वाचूनच अर्ज करावा. परंतु एक गोष्ट मुद्दाम ध्यानांत धरण्याजोगी आहे. झोनल इन्फर्मेटिक्स ऑलिंपियाड या नांवाची जी प्रादेशिक परीक्षा अनेक वर्षें होत आली, तींत संगणकास हातही लावावयाचा नसतो. प्रश्नांत एखादी हकीकत व कांहीं नियम दिलेले असतात. खालीं आंकड्यांचे लहानमोठे संच असतात. परीक्षार्थ्यानें कागदावर विचार करून उत्तर लिहावयाचें. पुढील पायऱ्यांवर मात्र प्रोग्रॅम लिहावा लागतो, आणि तो यंत्राकडूनच तपासला जातो.

संगणकाच्या परीक्षेंत संगणक नाहीं, याचें पुष्कळांस नवल वाटतें. परंतु थोडा विचार केला म्हणजे यांतील मर्म कळतें. यंत्र सांगितलेलें काम करतें. काय सांगावें हें मनुष्यानें ठरवावयाचें असतें. परीक्षा घ्यावयाची ती या ठरविण्याची. म्हणून प्रत्येक प्रश्नापाशीं विद्यार्थ्यास तीन गोष्टी स्वतःस विचाराव्या लागतात: माझी रीत सदैव खरी आहे काय? तिला पायऱ्या किती लागतात? आणि अगदीं टोकाच्या आंकड्यांपुढें ती टिकते काय? या तिन्हींचीं उदाहरणें क्रमानें पाहूं.

रीत सदैव खरी आहे काय?

आमच्या वाचकांपैकीं पालकांस पंचवीस व वीस पैशांचीं नाणीं आठवत असतील. २०११ सालच्या जूनअखेर तीं चलनांतून गेलीं. समजा, आपणांजवळ २५, २०, १० व ५ पैशांचीं भरपूर नाणीं आहेत, आणि कोणास ४० पैसे कमींत कमी नाण्यांत द्यावयाचे आहेत. बहुतेक मुलें चटकन् सांगतात कीं, प्रथम सर्वांत मोठें नाणें द्यावें, मग उरलेल्या रकमेंत बसणारें सर्वांत मोठें, याप्रमाणें पुढें चालावें. तसें केल्यास २५, १० व ५ अशीं तीन नाणीं लागतात. परंतु वीस पैशांचीं दोनच नाणीं दिलीं तरी चाळीस होतात! रीत सोपी होती, पुष्कळ रकमांना लागूही पडत होती, आणि तरी ती खोटी होती.

मग खरी रीत कोणती? लहान रकमांपासून वर चढत जावें. पांचाला एक नाणें, दहाला एक, पंधराला दोन, विसाला एक, पंचविसाला एक, तिसाला दोन, पस्तिसाला दोन. हा तक्ता वहींत मांडावा. आतां चाळिसाकरितां शेवटचें नाणें कोणतें असूं शकेल? पांचाचें असेल तर त्याआधीं पस्तीस झाले असले पाहिजेत. दहाचें असेल तर तीस. विसाचें असेल तर वीस. पंचविसाचें असेल तर पंधरा. तक्त्यांत या चार रकमांसमोर अनुक्रमें दोन, दोन, एक व दोन असे आंकडे आहेत. त्यांतील सर्वांत लहान एक. त्यांत शेवटचें नाणें मिळवून दोन. येथें अंदाज कोठेंच केला नाहीं. जितके मार्ग संभवतात तितके सर्व पाहिले, आणि एकदां काढलेलें उत्तर पुन्हां काढावें लागूं नये म्हणून लिहून ठेवलें. या परीक्षांतील कितीतरी अवघड प्रश्न याच युक्तीनें सुटतात. ती पाठ करून मात्र येत नाहीं. दहावीस तक्ते स्वहस्तें भरल्यावरच येते.

पायऱ्या किती?

आतां दुसरा प्रश्न. ३, ८, १५, २२, ३१, ४० अशा चढत्या क्रमानें सहा संख्या मांडल्या आहेत. त्यांतील कोणत्या दोहोंची बेरीज ४६ होते? सर्व जोड्या करून पाहिल्यास पंधरा जोड्या होतात. एवढें कोणीही करील. परंतु संख्या एक लाख असल्या तर जोड्या सुमारें पांचशें कोटी होतात. आजचा साधा संगणक एका सेकंदांत दहावीस कोटी साध्या क्रिया करतो असें ढोबळ मानानें धरलें, तरी परीक्षेंतील एकदोन सेकंदांच्या मुदतींत हें काम उरकणार नाहीं. रीत खरी असूनही पूर्ण गुण मिळणार नाहींत.

येथें एक बोट सर्वांत लहान संख्येवर व दुसरें सर्वांत मोठीवर ठेवावें. ३ व ४० यांची बेरीज ४३. ती कमी पडली. सर्वांत मोठीबरोबर घेऊनही ३ उणे पडतात, तर इतर कोणाबरोबर घेतल्यानें ते पुरे पडणार नाहींत. म्हणून ३ कायमचे सोडावे. ८ व ४० मिळून ४८. ही अधिक झाली. उरलेल्यांतील सर्वांत लहान ८, त्यांच्याबरोबरही ४० अधिक होतात, म्हणून ४० सोडावे. ८ व ३१ मिळून ३९. कमी, म्हणून ८ सोडावे. १५ व ३१ मिळून ४६. चार बेरजांत काम झालें. प्रत्येक बेरजेबरोबर एक संख्या कायमची बाजूस पडते; त्यामुळें लाख संख्या असल्या तरी बेरजा लाखाच्या आंतच होतील. संख्या प्रथम चढत्या क्रमानें लावण्यास कांहीं लाख पायऱ्या लागतील त्या निराळ्या. कोठें पांचशें कोटी आणि कोठें कांहीं लाख! महागडें यंत्र घेतल्यानें काम दुप्पट किंवा चौपट वेगानें होईल. विचारानें तें हजारपट वेगानें झालें. आमच्या त्या पालकांस आम्हीं हेंच उदाहरण मेजावर कागद ठेवून दाखविलें.

टोकाला टिकते काय?

तिसरी गोष्ट लहान आहे, परंतु तिच्यापायीं चांगले विद्यार्थी घसरतात. संख्या एकच दिली तर? सर्व संख्या सारख्या असल्या तर? सर्व ऋण असल्या तर? या परीक्षांत वापरल्या जाणाऱ्या सी प्लस प्लस भाषेंत पूर्णांकाचें जें नेहमींचें घर असतें, त्यांत सामान्यतः २१४ कोटींच्या थोडें वरपर्यंतचीच संख्या मावते. लाखाला लाखानें गुणलें तर एक हजार कोटी होतात. तें उत्तर त्या घरांत मावत नाहीं. यंत्र तक्रार करीत नाहीं. मुकाट्यानें भलतेंच उत्तर देतें. म्हणून रीत सुचल्यावर लगेच लिहावयास न बसतां, सर्वांत लहान व सर्वांत मोठें उदाहरण हातानें तपासून पाहण्याची संवय लावून घ्यावी.

अभ्यास कसा करावा?

विद्यार्थ्यांस आमचें सांगणें थोडक्यांत असें. रोज एक तास व एकच प्रश्न घ्यावा. प्रश्न दोनदां वाचून त्यांतील लहान उदाहरण स्वतः हातानें सोडवावें. रीत सुचली कीं ती मोडण्याचा प्रयत्न करावा. ती खोटी ठरविणारें उदाहरण आपणच शोधावें. निदान दोन दिवस झगडल्यावांचून उत्तर पाहूं नये, आणि पाहिलें तर तें मिटून दुसऱ्या दिवशीं कोऱ्या पानावर पुन्हां मांडावें. वहीचीं शेवटचीं पानें चुकांसाठीं राखावीं: कोणता प्रश्न, कोठें चुकलों, कशामुळें चुकलों, एवढें एकेका ओळींत लिहावें. महिन्याकाठीं तें वाचलें म्हणजे आपली चूक बहुधा दोनतीन प्रकारचीच असते असें आढळून येतें.

गणितापैकीं विभाज्यता, मोजणीचे नियम व बाकीचे हिशेब पक्के असावेत. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका इंटरनेटवर विनामूल्य मिळतात. प्रोग्रॅम लिहिण्याची पायरी आली म्हणजे हेलसिंकीचे आंत्ती लाक्सोनेन यांचें इंग्रजी पुस्तक व त्यांनीं तयार केलेला सीएसईएस हा प्रश्नसंग्रह पाहावा; दोन्ही विनामूल्य आहेत. परीक्षेच्या आधीं तीनचार वेळां घड्याळ लावून पुरते तीन तास बसावें. एक प्रश्न अडला तर त्यास चिकटून न राहतां पुढें जावें. आंतरराष्ट्रीय स्पर्धेंत सोप्या भागासही वेगळे गुण असतात. पूर्ण उत्तर येत नाहीं म्हणून पान कोरें सोडणें हा शहाणपणा नव्हे.

पालकांस दोन शब्द

आतां आमची एक चूक सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं अशाच एका पालकांनीं सल्ला विचारला, तेव्हां संगणक घ्यावा असें आम्हीं फारसा विचार न करतां सांगितलें. त्यांनीं तो हप्त्यांवर घेतला. मुलानें वर्षभर बोटें चालविलीं. विचार करण्याचा सराव मात्र झाला नाहीं, आणि पहिल्याच पायरीवर तो राहिला. त्यानंतर कित्येक आठवडे त्यानें यंत्रास हात लावला नाहीं. कारण विचारलें तेव्हां म्हणाला, "सर, तो संगणक पाहिला कीं मला बाबांचे हप्ते दिसतात." तें वाक्य आम्हीं अद्याप विसरलों नाहीं. मुलाच्या परीक्षेवर घराचें कर्ज चढविलें म्हणजे त्यास प्रश्न दिसेनासा होतो; हप्ता तेवढा दिसतो.

एवढ्या मोठ्या देशांतून चौघेच निवडले जावयाचे आहेत. तेव्हां आपला मुलगा किंवा मुलगी त्यांत नसली तर तें अपयश मानूं नये. जो विद्यार्थी दोन वर्षें असा अभ्यास करील, त्याची मिळकत निकालाच्या कागदावर अवलंबून नाहीं. पदवीच्या सुमारास गेट ही परीक्षा येते. तेथें तीन तासांत पासष्ट प्रश्न असतात, आणि पर्यायी प्रश्नांत चुकीच्या उत्तरास गुण वजा होतात. तेथेंही "हें सदैव खरें आहे काय?" असें विचारणारी बुद्धीच उपयोगी पडते. संगणक पुढें घ्यावा लागेल. पण तो गरज पडल्यावर आणि ऐपतीप्रमाणें. तोंपर्यंत शाळेंतील यंत्रें आहेत.

आरंभीं उल्लेखिलेला तो मुलगा नाताळच्या सुट्टीपूर्वीं वही घेऊन आम्हांकडे आला. निम्मी वही भरली होती. आम्हीं पूर्वीं बरोबर म्हणून खूण केलेली त्याचीच एक रीत त्यानें खोडली होती, आणि ती खोटी ठरविणारें पांच संख्यांचें उदाहरण शेजारीं लिहिलें होतें. "सर, तुमच्याही नजरेंतून सुटलें," असें तो संकोचानें म्हणाला. खरोखरच सुटलें होतें. आम्हीं आमची खूण खोडून त्याच्या उदाहरणाखालीं सही केली.

ज्या विद्यार्थ्यांस या अभ्यासाची गोडी असेल, त्यांनीं शनिवारीं शाळा सुटल्यावर आम्हांस संगणकाच्या खोलींत भेटावें. येतांना वही व पेन्सिल आणावी.