सिवा : वाळवंटातील कौलाचे मंदिर आणि पाण्याचा पेच

इजिप्तला जाणारा मराठी पर्यटक कैरोचे पिरॅमिड, लक्सॉरची मंदिरे आणि नाईलमधील जलप्रवास एवढे पाहून बहुधा परततो. नाईलच्या पश्चिमेस पसरलेले वाळवंट देशाचा जवळपास दोन-तृतीयांश भूभाग व्यापते. तिकडे पावले क्वचितच वळतात. याच वाळवंटात, लिबियाच्या सीमेपासून सुमारे ५० किलोमीटरवर, सिवा हे मरूद्यान आहे. भूमध्य समुद्राकाठच्या मर्सा मत्रूह शहरातून नैर्ऋत्येकडे सुमारे ३०० किलोमीटरचा निर्जन रस्ता तेथे पोहोचतो. दोन दिवस हाताशी असतील, तर प्राचीन मंदिरे, खजुराच्या बागा आणि वाळूच्या टेकड्या असे तिन्ही येथे पाहता येते.

पहिला मान अर्थातच अघुर्मी टेकडीवरील अमून देवाच्या मंदिराचा. इ. स. पूर्व सहाव्या शतकात राजा अमासिसच्या काळात ते उभारले गेले. वास्तू म्हणून ते लक्सॉरच्या तुलनेत अगदी साधे आहे. त्याची कीर्ती होती ती तेथे मिळणाऱ्या कौलामुळे. कोकणात देवाला कौल लावण्याची प्रथा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना येथील पद्धत परकी वाटणार नाही. देवाची प्रतिमा नौकेच्या आकाराच्या पालखीत ठेवून पुजारी ती खांद्यावर घेत आणि पालखी ज्या रीतीने हलेल, त्यावरून उत्तराचा अर्थ लावला जाई. भूमध्य समुद्रापलीकडून ग्रीक लोकही प्रश्न घेऊन येथे येत. हा कौल बंद पाडण्यासाठी पर्शियाचा राजा कॅम्बिसिस याने पाठवलेले ५० हजारांचे सैन्य वाळूच्या वादळात गडप झाले, असे हिरोडोटस सांगतो. त्या सैन्याचा निर्विवाद पुरावा आजवर मिळालेला नाही.

इ. स. पूर्व ३३१ मध्ये सिकंदर येथे आला. त्याने काय विचारले आणि काय उत्तर मिळाले, याबद्दल प्राचीन लेखकांत एकमत नाही. प्लुटार्कने दिलेली एक कथा मात्र गमतीची आहे. पुजाऱ्याला ग्रीक भाषेत ‘बाळा’ म्हणायचे होते. उच्चार किंचित चुकला आणि ऐकणाऱ्यांना ‘झ्यूसपुत्रा’ असे ऐकू आले. पुढे नाण्यांवर सिकंदराच्या कपाळाशी अमूनची मेंढ्याची शिंगे दिसू लागली.

जवळच उम्म उबैदा येथे अमूनचेच दुसरे मंदिर होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत त्याचा बराच भाग शाबूत होता. बांधकामाला दगड हवेत म्हणून तत्कालीन स्थानिक अधिकाऱ्याने ते सुरुंगाने उडवले. आज कोरीव चित्रलिपी असलेली एकच भिंत उभी आहे. वाळवंटाने दोन हजारांहून अधिक वर्षे सांभाळलेली वास्तू माणसाने अशी संपवली.

पाऊस जवळजवळ पडतच नाही, तेथे शेकडो झरे कसे, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. सिवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १९ मीटर खोल खळग्यात आहे. इजिप्त, लिबिया, सुदान आणि चाड या चार देशांच्या खाली वालुकाश्माचा प्रचंड जलस्तर असून, सहारा हिरवा होता त्या काळातील पावसाचे पाणी त्यात साठलेले आहे. खोलगट भागात हेच पाणी दाबाने वर येते.

मात्र या खळग्याला समुद्राकडे वाट नाही. बागांतून निथळलेले पाणी तळ्यांत साचते, उन्हाने त्याची वाफ होते आणि मीठ मागे उरते. १९८० च्या दशकापासून विहिरी अनिर्बंध खोदल्या गेल्या. तळी फुगली, जमिनीखालची पाण्याची पातळी वर आली, क्षार वाढले आणि खजूर व ऑलिव्हची मुळे कुजू लागली. वाळवंटातील गाव पाण्याच्या अतिरेकाने संकटात यावे, हा विलक्षण प्रकार आहे. अलीकडच्या वर्षांत सरकारने विहिरी बुजवणे आणि जादा पाणी कालव्याने वस्तीपासून दूर नेणे ही कामे हाती घेतली आहेत. पर्यटक ज्या निळ्याशार खाऱ्या डबक्यांत तरंगत छायाचित्रे काढून घेतात, ती मीठ काढण्यासाठी खोदलेली आहेत, हेही ध्यानात असावे.

मिठाशी सिवाचे नाते जुने आहे. तेराव्या शतकात वसलेला शाली हा किल्लेवजा गाव ‘करशिफ’ने, म्हणजे मीठमिश्रित चिखलाच्या ढेकळांनी बांधला होता. १९२६ मध्ये सलग तीन दिवस पाऊस झाला आणि भिंती विरघळू लागल्या. लोक खाली राहायला आले. वरचे अवशेष आजही गावावर पहारा देत उभे आहेत. येथील रहिवासी अरबीबरोबरच सिवी ही आपली बर्बर भाषा बोलतात.

दक्षिणेला लागूनच वाळूचा महासागर सुरू होतो. जीपमधून टेकड्या ओलांडत बीर वाहेद या गरम पाण्याच्या कुंडापर्यंत नेणारी अर्ध्या दिवसाची सफारी येथे लोकप्रिय आहे. वाटेत सागरी शिंपल्यांचे जीवाश्म पायाखाली येतात. ते उचलून आणू नयेत. सीमा जवळ असल्याने वाळवंटात शिरण्यास लष्करी परवानगी लागते आणि नियम बदलत राहतात. तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करावी. ऑक्टोबर ते मार्च हा काळ उत्तम. या दिवसांत रात्री थंडी चांगलीच झोंबते, म्हणून उबदार कपडे सोबत हवेतच.