तुझं दुकान कुठंय, म्वालिमू?

समजा, तुम्ही टांझानियातल्या एका बालवाडीत पहिल्यांदाच पाऊल ठेवलंय. समोरून चार-पाच वर्षांचं एक पिल्लू येतं, मान वर करून तुमच्याकडे बघतं आणि म्हणतं, ‘शिकामू’. तुम्ही हसून ‘हॅलो’ म्हणता. ते जागचं हलत नाही. पुन्हा ‘शिकामू’. तुम्ही गालगुच्चा घेता, बॅगेतलं चॉकलेट काढता. चॉकलेट घेतं, पण उभंच! शेवटी मागून कुणीतरी कुजबुजतं, ‘अहो, मराहाबा म्हणा.’ तुम्ही तसं म्हणता आणि पोरगं सुसाट पळून जातं.

‘शिकामू’चा मूळ अर्थ सांगतात, ‘तुमचे पाय धरतो’. आपल्याकडे कुणी वाकून नमस्कार केला की मोठ्यांनी काहीतरी म्हणायचं असतं ना, तसंच हे. आशीर्वाद मिळाल्याशिवाय मूल जाणार कसं?

हा फजितीचा प्रसंग माझा. मी श्रीरामपूर तालुक्यातली. बी.एस्सी. झाल्यावर एम.एस्सी.चा फॉर्म बाजूला ठेवला आणि ओळखीच्या सिस्टरांमार्फत वर्षभरासाठी मोरोगोरोला गेले. दार-ए-सलामपासून आत, उलुगुरू डोंगरांच्या पायथ्याशी हे शहर आहे. तिथं सिस्टर लोकांची बालवाडी आहे. विमानाचं तिकीट माझं, राहणं-जेवण त्यांचं, पगार शून्य. पप्पांच्या मित्रांनी घरी येऊन विचारलं, ‘मिशनरी म्हणून चाललीस? म्हणजे लोकांचं धर्मांतर करायला?’ तुम्हीही ख्रिश्चन असाल आणि असं काही करणार असाल, तर या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा, कारण तो येणारच. माझ्यापुरतं सांगते. वर्गाची सुरुवात प्रार्थनेनं व्हायची, हे खरं. माझ्या बासष्ट मुलांमधली बरीचशी मुस्लिम होती, हेही खरं. शुक्रवारी शाळा सुटली की त्यातली काही पोरं टोपी चढवून बापाचं बोट धरून मशिदीकडे जायची. आई-वडिलांना त्यात वावगं वाटत नव्हतं. त्यांना हवं होतं इंग्रजी.

दिवस कसा जायचा? साडेपाचला कोंबडा, सहाला मिस्सा, मग चहा आणि कालची चपाती. हो, चपातीच. तिथंही तिला चपातीच म्हणतात आणि चहाला चाय. साडेसातपासून पोरं यायला लागायची. दहाला सगळ्यांना कपभर उजी, म्हणजे पिठाची गरम पातळ पेज. दुपारी उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, ती हातानं गोळा करून घेवड्यासारख्या दाण्यांच्या कालवणात बुडवायची. सोबत ‘मचिचा’. पहिल्या दिवशी मी तो ताटात बघितला आणि डोळ्यांत पाणीच आलं. आमच्या परसातला माठ हो! चव तीच, फक्त लसूण कमी.

भाषेचंही तसंच. स्वाहिली म्हणजे काहीतरी भयंकर असेल, असं वाटलं होतं. तुम्हीच ऐका. पुस्तकाला किताबू, पेनाला कलामू, रंगाला रांगी, साबणाला साबुनी, जगाला दुनिया आणि गणिताला चक्क हेसाबू! अरबी-फारसी शब्द समुद्रावरून दोन्हीकडे उतरले, त्याची ही कृपा. आठवडाभरात मला वाटलं, जमलं आपल्याला. मग पालकसभा आली. निरोप होता, ‘सा ताटू’. ताटू म्हणजे तीन. मी दुपारी तीनला केस-बिस विंचरून, एकुलती एक साडी नेसून हजर! खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या. स्वाहिलीत तास मोजतात ते सूर्य उगवल्यापासून. सकाळचे सात म्हणजे एक वाजला. त्यामुळं ‘तीन’ म्हणजे सकाळचे नऊ. विषुववृत्ताजवळ दिवस-रात्र बारमाही जवळपास सारखे, तेव्हा हिशेब एकदम चोख आहे. चोख नव्हते ते माझे कान.

आणि दुकान. पूर्व आफ्रिकेत भारतीय माणूस म्हटला की दुकानदार, हे समीकरण कित्येक पिढ्यांचं आहे. गुजराती व्यापारी तिकडे गेले, रुजले. दुकानाला तिथं ‘दुका’च म्हणतात. त्यामुळं मी ‘म्हिंदी’, म्हणजे इंडियन, हे कळलं की बाजारातल्या बायका विचारायच्या, ‘तुझं दुकान कुठंय?’ दुकान नाही म्हटलं की चेहऱ्यावर सहानुभूती. ‘पोले’ म्हणायच्या, म्हणजे ‘वाईट वाटलं गं’.

आता मुद्द्याचं, जे मी इन्स्टावर कधीच टाकलं नाही.

मला शिकवता येत नव्हतं. फोटोत छान दिसायचं, मांडीवर दोन पोरं, फळ्यावर सुबक अक्षरं. प्रत्यक्षात मी ‘ए फॉर अ‍ॅपल’ म्हणायचे आणि बासष्ट मुलं ‘ए फॉर अ‍ॅपल’ असं छप्पर उडेल एवढ्या मोठ्यानं म्हणायची. त्यांतल्या बहुतेकांनी सफरचंद खाल्लेलं नव्हतं, मोरोगोरोच्या बाजारात ते बाहेरून येतं आणि महाग असतं. माझ्यासोबत तिथलीच एक मदतनीस शिक्षिका होती, माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठी. मी तिला ‘दादा’ म्हणायचे. दचकू नका, स्वाहिलीत दादा म्हणजे ताई! मी वाक्य बोलले की ती स्वाहिलीत समजावायची. मला वाटायचं, ती माझं भाषांतर करतेय.

एप्रिलच्या पावसात मला मलेरिया झाला. मच्छरदाणी होती, पण संध्याकाळी अंगणात पोरांशी चेंडू खेळण्याची हौस नडली. दहा दिवस अंथरुणात. अकराव्या दिवशी लटपटत वर्गाच्या दारात गेले आणि तिथंच थांबले. दादानं मुलांना जमिनीवर गोल करून बसवलं होतं. मध्ये सोड्याच्या बाटल्यांच्या बुचांचा ढीग. एक मूल पाच बुचं उचलायचं, दुसरं त्यात तीन टाकायचं, मग सगळे मिळून मोजायचे, आधी स्वाहिलीत, मग इंग्रजीत. कुणी ओरडत नव्हतं. मागच्या कोपऱ्यातला तो मुलगा, जो माझ्या वर्गात तीन महिने तोंड उघडत नव्हता, तो चुकलेल्या मैत्रिणीला दुरुस्त करत होता. ‘आठ’ म्हणत होता तो. ‘नाने. एट.’

आनंद व्हायला हवा होता ना? मला रडू आलं, आणि ते आनंदाचं नव्हतं.

त्या रात्री मी प्रमुख सिस्टरांना विचारलं, मग मी इथं कशासाठी आहे? त्या केरळच्या, वीसेक वर्षं आफ्रिकेत काढलेल्या. त्यांनी गोड बोलून टाळलं नाही. म्हणाल्या, ‘परदेशी टीचर दिसली की पालक मुलं घालतात. फी येते. त्या फीतून हिचा पगार होतो.’ म्हणजे मी जाहिरात होते. माझ्याआधी एक पोलिश मुलगी होती, तिच्याआधी एक इटालियन. पोरं सुरुवातीला मला त्या पोलिश मुलीच्याच नावानं हाक मारायची. एक जाते, दुसरी येते. दादा तिथंच.

जूनच्या सुट्टीत मी बागामोयोला गेले. दार-ए-सलामच्या उत्तरेला समुद्रकाठचं हे जुनं बंदर. एकेकाळी इथं हस्तिदंत आणि साखळदंडातली माणसं यायची. १८६८ मध्ये इथं कॅथलिक मिशन सुरू झालं, गुलामगिरीतून सोडवलेल्या मुलांसाठी. तिथल्या जुन्या चर्चच्या मनोऱ्यात फेब्रुवारी १८७४ मध्ये लिव्हिंगस्टनचा मृतदेह एक रात्र ठेवला होता. आतल्या प्रदेशातून इथपर्यंत तो महिनोन् महिने चालत आणला त्याच्या आफ्रिकन सोबत्यांनी. त्यांतला एक जेकब वेनराइट. आणि तो शिकला होता कुठं? नाशिकला! ब्रिटिश नौदलानं गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली कितीतरी मुलं मुंबईत उतरवली जायची. त्यांतली काही शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली, लिहाय-वाचायला आणि सुतारकाम-लोहारकाम शिकली. नाशिककर मंडळी, रोज ज्या शरणपूर रोडवरून तुम्ही गाडी हाणता, तेच शरणपूर. त्यांच्यातले काही पुढे मोंबासाजवळच्या फ्रेअरटाउनला गेले आणि तिथं शिक्षक झाले. मनोऱ्याला नाव मात्र लिव्हिंगस्टनचं आहे.

परत आल्यावर मी खडू दादाच्या हातात दिला आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. काम कमी झालं नाही, उलट वाढलं. सकाळी बुचं धुवायची, पुठ्ठ्याची अक्षरं कापायची, मागं पडलेल्या सहा-सात जणांना व्हरांड्यात घेऊन बसायचं. संध्याकाळी दादाला इंग्रजी, कारण तिला शिक्षिकेच्या सर्टिफिकेटची परीक्षा द्यायची होती आणि भीती होती फक्त इंग्रजीची. बदल्यात ती माझी स्वाहिली सुधारायची, आणि फार हसायची. ‘ए फॉर अ‍ॅपल’ आम्ही काढलं, ‘ए फॉर अ‍ॅव्होकॅडो’ आलं. तिथं ते झाडाखाली पडलेलं असतं.

सगळं गोडच होतं असं नाही. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची यात्रा भरली. आईनं व्हिडिओ कॉलवर गर्दी दाखवली आणि मी दिवसभर कुणाशी बोलले नाही. फी थकली म्हणून एक मुलगी शाळेतून गेली, तेव्हा मी सिस्टरांशी भांडले. भांडून काही झालं नाही.

डिसेंबरात निघताना मुलं रडली नाहीत. त्यांना सवय होती. दादानं कापडाचं किटेंगे गुंडाळून दिलं आणि परीक्षेच्या तारखा सांगितल्या. परीक्षेची फी आमच्या चर्चच्या तरुण मंडळानं भरली. मी परत जाण्यासाठी तिकिटाचे पैसे जमवत होतो, त्यातलीच ती रक्कम. माझं जाणं तेवढं पुढं गेलं.

तुम्ही जाणार असाल तर पोलिस क्लिअरन्स, यलो फीव्हरची लस, मलेरियाच्या गोळ्या ही यादी कुणीही देईल. मी म्हणेन, ज्या संस्थेत जाताय तिला निघण्यापूर्वी दोन गोष्टी विचारा. मी परत गेल्यावर हा वर्ग कोण घेणार? आणि त्या व्यक्तीला पगार किती? उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर दुसरी संस्था बघा. स्वाहिली तीन महिने आधीपासून शिका, मोबाइलवरही शिकता येते. आणि वेळ सांगितली की सूर्य दाखवून खात्री करून घ्या.