कॅमेऱ्याचा डोळा आणि आपला फोन

मंडळी, आंब्याचे दिवस आले की आमच्या पावसला रात्र लहान होते. दिवसभर आंबा उतरायचा, निवडायचा, पेट्या भरायच्या आणि संध्याकाळी टेंपोत चढवायच्या. टेंपो रात्री वाशीच्या बाजाराला निघतो. आंबा पुढे जातो आणि घरच्यांचा जीव त्याच्यामागून जातो.

गेल्या हंगामात आमचा पुतण्या असाच पेट्या घेऊन निघाला. तो गेल्यावर आम्ही पाहतो तर हिशेबाची वही पडवीतच राहिलेली. आम्ही लगेच फोन लावला. "अरे, वही इथंच विसरलास!" तो म्हणाला, "असू दे काका, मी..." आणि पुढचे शब्द आलेच नाहीत. धाडकन आवाज तेवढा आला.

गोळपच्या अलीकडे एका वळणावर टेंपोचे डावे चाक गटारात गेले होते. देवाची कृपा, पोराला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. पेट्या मात्र फुटल्या. ती वही दुसऱ्या दिवशी पाठवली असती तरी चालले असते. चूक पोराची होती, हे खरे. त्याने एका हाताने फोन धरला होता. पण फोन कोणी केला होता? आम्हीच केला होता.

तेव्हापासून आम्ही या विषयाची माहिती मिळवू लागलो. ती तुम्हाला सांगतो.

क्षणभर नजर गेली, तर काय होते?

आता असे पाहा. गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली आहे. म्हणजे ती एका मिनिटात एक किलोमीटर जाते. एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. ड्रायव्हरने फोन कोणाचा आला हे पाहायला तीन सेकंद मान खाली घातली, तर तेवढ्यात गाडी ५० मीटर पुढे गेली. चार यष्ट्या एकीमागे एक उभ्या केल्या, तर जवळजवळ एवढी लांबी होते. तेवढी वाट तो माणूस डोळे मिटल्यासारखा गेला. मध्ये एखादे पोर आले असते, गुरू आले असते, तर?

जागतिक आरोग्य संघटना सांगते की गाडी चालवताना फोन वापरणाऱ्याला अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो. कोणी म्हणेल, "आम्ही फोन हातात धरत नाही, कानात यंत्र घालतो." त्याने हात मोकळा राहतो, पण मन बोलण्यात गुंततेच. म्हणून तेही फारसे सुरक्षित नाही. आपल्या देशात २०२२ साली रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. हे सगळे अपघात फोनमुळे झाले नाहीत. पण जो अपघात नुसता फोन न उचलल्याने टळतो, तो होऊ का द्यावा?

कॅमेरा हे कसे ओळखतो?

पोलीस एका जागी उभा राहून किती गाड्यांत डोकावणार? गाडी भुर्रकन निघून जाते. म्हणून आता हे काम यंत्राला दिले आहे.

ऑस्ट्रेलिया देशात न्यू साऊथ वेल्स नावाचे राज्य आहे. तेथे १ डिसेंबर २०१९ पासून फोन पकडणारे कॅमेरे सुरू झाले. पहिले तीन महिने दंड नव्हता, नुसते इशाऱ्याचे पत्र येई. मार्च २०२० पासून दंड सुरू झाला.

असा कॅमेरा उंच खांबावर किंवा रस्त्यावरच्या लोखंडी कमानीवर बसवतात. एक कॅमेरा गाडीचा नंबर टिपतो. दुसरा वरून तिरका, समोरच्या काचेतून आत पाहतो आणि ड्रायव्हरचे हात टिपतो. रात्री तो अशा प्रकाशाचा उपयोग करतो की जो आपल्या डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे ड्रायव्हरचे डोळे दिपत नाहीत.

मग चित्र संगणकाकडे जाते. हातात फोन आहे की पाण्याची बाटली, हे संगणकाला कसे कळते? तुम्ही 'ब' आणि 'व' ओळखायला कसे शिकलात ते आठवा. प्रथम दोन्ही सारखेच दिसत. पुन्हा पुन्हा पाहिल्यावर पोटातली रेघ ध्यानात आली. संगणकालाही तसेच शिकवतात. फोन धरलेल्या आणि न धरलेल्या हातांची हजारो चित्रे त्याला दाखवतात. तरी शिकणाऱ्याची चूक होतेच. म्हणून त्या राज्यात संगणकाने बाजूला काढलेले चित्र आधी माणूस तपासतो आणि मगच दंड होतो. हे फार चांगले आहे.

आपल्याकडे काय आहे?

आपल्याकडे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून कॅमेऱ्यांची अशी व्यवस्था सुरू झाली. हा रस्ता सुमारे ९५ किलोमीटर लांब आहे. वेग जास्त ठेवणे, पट्टा न बांधणे, मार्गिका तोडणे, फोनवर बोलणे असे १७ प्रकारचे गुन्हे हे कॅमेरे टिपतात. पावसचा माणूस वाशीला आंबा उतरवून पुढे पुण्याला निघाला, तर तो या कमानींखालूनच जातो. दंडाची चिठ्ठी मोबाईलवर येते. तिला ई-चलन म्हणतात.

यामागे कायदा आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली बदल झाला. हातात फोन धरून गाडी चालवणे हे धोक्याचे चालवणे ठरले. पहिल्या गुन्ह्याला १ हजार ते ५ हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. तीन वर्षांत पुन्हा तोच गुन्हा केला, तर १० हजार रुपये दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. वाट पाहण्यासाठी फोनवरचा नकाशा वापरायला मोकळीक आहे, पण लक्ष विचलित होता कामा नये.

ऑगस्ट २०२१ मध्ये कॅमेऱ्यांसाठीही नियम झाले. कॅमेरा आहे अशी पाटी लोकांना दिसेल अशी लावावी, यंत्राची दरवर्षी तपासणी व्हावी, गुन्ह्याची सूचना १५ दिवसांत द्यावी, असे त्यांत सांगितले. म्हणजे नियम जसा आपल्याला आहे, तसा यंत्रालाही आहे.

तुम्ही आता वाचायला शिकला आहात. म्हणून चलन आले, की आधी ते नीट वाचा. गाडीचा नंबर आपला आहे का? तारीख आणि जागा बरोबर आहे का? चित्र पाहा. खोटी चलने पाठवून पैसे लुबाडणारेही निघाले आहेत. चलनाच्या नावाखाली एखादे ॲप उतरवून घ्यायला कोणी सांगितले, तर बोट लावू नका. पोलीस चौकीत जाऊन विचारा.

कॅमेरा नाही तेथे काय?

प्रत्येक वळणावर कमान उभी राहणार नाही. तेथे माणसाचाच डोळा हवा. मार्च २०२५ मधली गोष्ट. दादरहून स्वारगेटला निघालेल्या ई-शिवनेरी गाडीचा चालक लोणावळ्याजवळ गाडी चालवता चालवता मोबाईलवर क्रिकेटचा सामना पाहत होता. एका प्रवाशाने त्याचे चित्र घेतले आणि परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांना पाठवले. चालक खाजगी कंपनीचा होता. त्याला कामावरून काढले आणि कंपनीला ५ हजार रुपये दंड झाला. त्या दिवशी उतारूच कॅमेरा झाला.

पण मंडळी, एक गोष्ट कोणत्याच कॅमेऱ्याला दिसत नाही. ड्रायव्हरच्या हातातला फोन त्याला दिसतो, पण पडवीत बसून फोन लावणारा म्हातारा दिसत नाही. दंड पुतण्याला होईल, काकांना होणार नाही. तो दंड काकांनी आपला आपणच भरायचा असतो.

म्हणून आमच्या घरी आता तीन नियम आहेत. गाडी निघण्याआधी सगळे बोलून घ्यायचे. वाटेत असलेल्याला आपण फोन करायचा नाही. आणि चुकून लागलाच, तर पहिला प्रश्न हा : "गाडी चालवतोयस का? मग ठेव, थांबलास की कर."

या हंगामात पुतण्या संगमेश्वरला चहाला थांबला की आपणहून फोन करतो. तोवर आम्ही पडवीत जागे असतो. वाट पाहणे जड जाते, हे खरे. पण तो धाडकन आवाज ऐकण्यापेक्षा ती वाट पाहणे पुष्कळ हलके आहे.