वार एक की दोन?

एक बाळ लालबुंद, दुसरं पांढरंफटक. जुळ्यांच्या बाळंतपणात असं दिसलं की पोटात काय घडलं असेल ते जुन्या डॉक्टरांना कळायचं, पण तोवर वेळ गेलेली असायची. तेव्हाचे निकषही जन्मानंतरचेच होते: दोघांच्या हिमोग्लोबिनमध्ये ५ ग्रॅमचा आणि वजनात २० टक्क्यांचा फरक. पुढे लक्षात आलं की वेगवेगळ्या वारेवर वाढलेल्या जुळ्यांतही एवढा फरक पडू शकतो, आणि त्या निकषावरचा विश्वास उडाला. साठ-सत्तरच्या दशकात कोणी आईबाप कोर्टात जाऊन म्हणाले असते की डॉक्टरांनी हे आधी ओळखायला हवं होतं, तर न्यायाधीशांनी विचारलं असतं, कशावरून? त्याला उत्तर नव्हतं.

म्हणून या दाव्यांचा मागोवा कायद्याच्या पुस्तकातून घेता येत नाही. तो सोनोग्राफीच्या पडद्यावरून घ्यावा लागतो. एखादी गोष्ट दिसायला लागल्यावरच ती नजरेतून सुटली असं म्हणता येतं.

एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांपैकी सुमारे ७० टक्के जोड्यांना मिळून एकच वार असते. त्या वारेत दोघांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. जर्मन प्रसूतितज्ज्ञ फ्रीडरिश शॅट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच त्याला तिसरं रक्ताभिसरण म्हटलं होतं. बहुतेकदा हा देवाणघेवाणीचा व्यवहार सुरळीत चालतो. दर शंभरातल्या दहा-पंधरा जोड्यांत मात्र तो एकतर्फी होतो. देणाऱ्याच्या भोवतीचं पाणी आटतं, घेणाऱ्याची पिशवी तुडुंब भरते आणि आईचं पोट चार दिवसांत भलतंच वाढतं. पाचव्या-सहाव्या महिन्यात हे तीव्र झालं आणि उपचार झाले नाहीत, तर ८० ते ९० टक्के बाळं जातात.

ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये पोटातल्या गर्भाची अल्ट्रासाउंड चित्रं प्रसिद्ध केली. तरी पुढची तीस वर्षं डॉक्टरांच्या हातात होतं ते एवढंच, की सुई घालून जास्तीचं पाणी काढायचं आणि वाट पाहायची. मग वीसेक वर्षांत सगळं बदललं. १९९० मध्ये अमेरिकेतल्या ज्युलियन डी लिया यांनी तीन मातांवर केलेल्या लेझर शस्त्रक्रियेची माहिती छापली. दुर्बीण गर्भाशयात घालून वारेवरच्या जोडवाहिन्या जाळायच्या, अशी ती शस्त्रक्रिया. १९९२ च्या सुमाराला सोनोग्राफीतली एक साधी खूण पुढे आली: दोन पिशव्यांमधला पडदा वारेला मिळतो तिथे ग्रीक लॅम्डासारखा त्रिकोण दिसला तर वारा दोन, सरळ टी दिसला तर बहुधा एक. १९९९ मध्ये रुबेन क्विंटेरो यांनी आजाराच्या पाच पायऱ्या ठरवल्या. २००४ मध्ये युरोपातल्या १४२ मातांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. लेझर केलेल्या गटात ७६ टक्के मातांचं निदान एक बाळ वाचलं, नुसतं पाणी काढलेल्या गटात ५६ टक्के मातांचं. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. २०११ मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने नियमच घालून दिला: वार एक की दोन हे पहिल्या तिमाहीच्या सोनोग्राफीत ठरवा, एक असेल तर सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी तपासा.

त्या दिवसापासून वकिलांना तारखा मिळाल्या.

कायदा दुसऱ्या रस्त्याने येत होता. १९५७ च्या बोलम खटल्याने इंग्लंडमध्ये ठरलं की समव्यवसायी जाणकारांच्या एखाद्या जबाबदार गटाला मान्य असेल असं डॉक्टर वागले, तर तो निष्काळजीपणा नव्हे. १९९७ च्या बोलिथो निकालाने त्याला लगाम घातला: त्या गटाचं मत तर्कालाही पटलं पाहिजे. भारतात ग्राहक संरक्षण कायदा १९८६ चा, पण पैसे घेऊन केलेले वैद्यकीय उपचार त्याच्या कक्षेत येतात हे सर्वोच्च न्यायालयाने ठामपणे सांगितलं ते १९९५ मध्ये, व्ही. पी. शांता निकालात. जिथे सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतात ती रुग्णालयं त्यातून वगळली गेली, म्हणजे दाद मागायची सर्वांत स्वस्त वाट गरिबांसाठी बंदच राहिली. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात बोलमची कसोटी आपण पुन्हा उचलून धरली.

पाच-सहा आठवड्यांनी बाळांच्या मेंदूत काय दिसलं हे माहीत असताना मागच्या सोनोग्राफीत दोष काढणं सोपं असतं, ही डॉक्टरांची तक्रार मला अर्धी पटते. सोळाव्या आठवड्याला दोन्ही पिशव्यांत पाणी ठीक असेल आणि अठराव्याला बिघडलं, तर सोळाव्याला पाहणाऱ्याला दोष कसा द्यायचा? पण बाराव्या आठवड्याच्या रिपोर्टवर ‘जुळी, दोन्हींचे ठोके चांगले’ एवढंच लिहून पुढची तारीख थेट विसाव्याची दिली असेल, तर ती पश्चातबुद्धी नव्हे.

तरी चूक दाखवून दावा जिंकता येत नाही. त्या चुकीमुळेच नुकसान झालं हेही दाखवावं लागतं, आणि तिथे युरोपातल्या त्या चाचणीचे आकडे विचित्र खेळ करतात. ढोबळ हिशेब करू. पाणी काढलेल्या शंभर मातांपैकी ४४ जणींची दोन्ही बाळं गेली, लेझरच्या गटात २४ जणींची. म्हणजे त्या ४४ जणींना लेझरला पाठवलं असतं तर वीसेक जणींच्या हाती एक तरी बाळ आलं असतं. ४४ पैकी २० म्हणजे निम्म्याहून कमी. नुकसान टळण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होती हे दाखवा, असं इंग्लिश कायदा म्हणतो. नुसती संधी हुकली म्हणून भरपाई नाही, हे तिथल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने २००५ मध्ये कर्करोगाच्या एका खटल्यात सांगितलं. म्हणजे अर्धवट उपचार करणारा सुटू शकतो आणि काहीच न करणारा सापडतो, कारण त्याच्या बाबतीत हिशेब निम्म्याच्या वर जातो.

दुसरा पेच एक बाळ दगावतं तेव्हाचा. वार एकच असेल तर जिवंत बाळाचं रक्त गेलेल्या बाळाच्या सैल पडलेल्या वाहिन्यांत धावतं आणि मेंदूला इजा व्हायची ती थोड्याच वेळात होऊन जाते. ‘लगेच सिझेरियन का केलं नाही?’ हा आईबापांचा पहिला प्रश्न असतो, आणि बहुतेक वेळा तो चुकीच्या तासाबद्दल असतो. खरा प्रश्न दोन-तीन आठवडे मागे असतो. प्रसूतीच्या टेबलावर तर याहून साधी गफलत होते: ठोक्यांचे दोन आलेख निघतात, पण दोन्ही एकाच बाळाचे.

आपल्याकडे या सगळ्याला एक उपरोधाची किनार आहे. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे गरोदरपणातल्या प्रत्येक सोनोग्राफीला एफ फॉर्म भरावा लागतो. त्यात सोनोग्राफी कशासाठी याची जी यादी छापली आहे, तीत गर्भांची संख्या आणि त्यांची कोरिऑनिसिटी, म्हणजेच वार एक की दोन, हेही आहे. फॉर्म चुकला तर मशिनला सील लागतं, म्हणून फॉर्म चोख भरला जातो. रिपोर्टात मात्र नेमकी तीच ओळ कोरी असू शकते, आणि तिच्यासाठी सील लागत नाही. शिवाय सोनोग्राफी करणारे डॉक्टर वेगळे, बाळंतपण करणारे वेगळे. दोघांनाही वाटतं, दुसऱ्याने पाहिलं असेल. गावाकडे बाई पहिल्यांदा दवाखान्यात येते तीच चौथ्या-पाचव्या महिन्यात, आणि १४ आठवड्यांनंतर तो लॅम्डा पुसट होत जातो.

भरपाईचा एक मोठा आकडा आपल्या सर्वोच्च न्यायालयात २०१५ मध्ये दिसला. प्रकरण जुळ्यांचं नव्हतं, पण बहुतेक जुळी ज्या वाटेने जातात त्या, वेळेआधीच्या जन्माच्या, वाटेवरचंच होतं. चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात १९९६ मध्ये २९ आठवड्यांची जन्मलेली मुलगी. अशा बाळाचा डोळ्यांचा पडदा ठरावीक आठवड्यांत तपासावा लागतो, तो कोणी तपासला नाही, मुलगी आंधळी झाली. निकाल लागला, सुमारे १ कोटी ८० लाखांचा. तोवर ती अठरा वर्षांची झाली होती.

जुळ्यांतल्या वाचलेल्या बाळाला इजा झाली आहे हे कळायलाही वेळ लागतो. वर्षाचं झालं तरी बसत नाही, दोन वर्षांचं झालं तरी उभं राहत नाही, मग तपासण्या सुरू होतात. इंग्लंडमध्ये अशा मुलाच्या दाव्याची मुदत ते अठरा वर्षांचं झाल्यावर सुरू होते आणि बाळंतपणाचे कागद २५ वर्षं जपतात. आपल्याकडे ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षं. उशीर माफ होऊ शकतो, पण कारण पटवावं लागतं. २००२ च्या वैद्यकीय परिषदेच्या नियमांनुसार रुग्णाचे कागद तीन वर्षं ठेवले की डॉक्टर मोकळे, आणि एफ फॉर्म दोन वर्षांनी. मग उरतो तो आईच्या प्लास्टिकच्या फाईलमधला बाराव्या आठवड्याचा प्रिंट. तो गुळगुळीत थर्मल कागदावर असतो. चार-पाच वर्षांनी वकिलाच्या टेबलावर तो उलगडला की कोपऱ्यातली तारीख कशीबशी वाचता येते, आणि पडदा वारेला जिथे मिळतो तिथे नुसता करडा डाग उरलेला असतो.